छायाचित्रकाराचें ओझें

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरास श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते. सोलापूरकर तिला गड्ड्याची यात्रा म्हणतात. पांढरीशुभ्र बाराबंदी ल्यालेले मानकरी उंच उंच नंदीध्वज पेलीत मिरवणुकीनें निघतात, आणि रस्त्याच्या दुतर्फा माणसांचा समुद्र लोटतो. या गर्दींत अलीकडे आणखी एक वर्ग ठळकपणें दिसूं लागला आहे. तो म्हणजे गळ्यांत कॅमेरा आणि एका खांद्यावर फुगलेली पिशवी घेऊन वाट काढणाऱ्या हौशी छायाचित्रकारांचा. सकाळीं हीं मंडळी मोठ्या उत्साहांत असतात. दुपार कलली कीं त्यांच्यापैकीं पुष्कळांची अवस्था एकसारखीच होते. पिशवीचा खांदा वर चढतो, मान दुसऱ्या अंगाला झुकते, आणि एक हात पट्टा सांवरण्यांतच गुंतून राहतो. उंचच उंच नंदीध्वज पेलणारा मानकरी ताठ चालतो आणि चार-सहा किलोंची पिशवी घेतलेला छायाचित्रकार वांकडा चालतो, ही गोष्ट पाहणाराला प्रथम गमतीची वाटते. परंतु थोडा विचार केला म्हणजे या गमतीच्या पोटीं पावणेदोनशें वर्षांचा इतिहास दडलेला आहे असें दिसून येतें.

छायाचित्रणाचा इतिहास बहुधा भिंगांचा आणि रसायनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी कोणतें भिंग घडविलें, कोणीं कोणता लेप शोधला, याची नोंद ग्रंथांतून सांपडते. पण हें भिंग, ही कांच आणि हीं रसायनें डोंगरमाथ्यावर किंवा देवळाच्या दारांत नेलीं कोणीं, आणि कोणाच्या पाठीवरून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक छायाचित्र कोणीं घ्यावें, कशाचें घ्यावें आणि कोठवर जाऊन घ्यावें, हें ठरविण्यांत भिंगाइतकाच ओझ्याचाही हात होता.

सन १८३९ मध्यें दागेर या फ्रेंच कलावंताची पद्धति पॅरिस येथें जाहीर झाली, आणि पुढल्या कांहीं वर्षांतच ही विद्या हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागली. मुंबईंत सन १८५४ मध्यें छायाचित्रण मंडळ स्थापन झालें, आणि १८५५ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंत या विषयाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या मंडळाच्या प्रारंभींच्या एतद्देशीय सभासदांपैकीं एक कुशल छायाचित्रकार होते. हरिचंद चिंतामण यांनींही याच काळांत मुंबईंत नांव मिळविलें. म्हणजे ही कला साहेबांपुरतीच राहिली नाहीं, आपल्या लोकांनीं ती आरंभापासून उचलली. मात्र त्यांचें पुष्कळसें काम मुंबईंत, घराच्या किंवा चित्रशाळेच्या आसपास होत असे. दूरच्या मुलुखांत कॅमेरा नेणें ही सरकारी थैलीच्या किंवा संपन्न व्यवसायाच्या आवांक्यांतील गोष्ट होती.

याच १८५५ सालीं मुंबई सरकारनें तोफखान्यांतील कॅप्टन थॉमस बिग्ज यांस प्राचीन वास्तूंचीं छायाचित्रें घेण्याच्या कामीं नेमलें. विजापूर, बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल हा त्यांच्या कामाचा प्रदेश होता. विजापूर सोलापुराहून शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे. आज हा प्रवास दोन-तीन तासांचा वाटतो. परंतु त्या वेळीं या भागांत आगगाडी नव्हती. मुंबई-ठाणें गाडी १८५३ मध्यें धांवली असली तरी लोहमार्ग सोलापुरास पोहोंचावयास १८६० साल उजाडलें, आणि होटगीहून विजापूरकडे जाणारा फांटा तर १८८४ च्या सुमारास सुरू झाला. तोंवर गोलघुमटापर्यंत जें जावयाचें तें बैलगाडीनें, तट्टावर किंवा माणसाच्या डोक्यावरूनच जाणार! बिग्ज यांनीं कांचेऐवजीं मेण दिलेल्या कागदावर चित्रें घेण्याची पद्धति स्वीकारली होती. या कागदाचे दोन गुण होते. तो आगाऊ तयार करून ठेवतां येई, आणि तो हलका असे. थोड्याच काळांत बिग्ज यांस लष्करी कामावर परत जावें लागलें व डॉ. पिगू यांनीं तें काम पुढें चालविलें. या परिश्रमांतून निघालेलीं विजापूर, धारवाड आणि म्हैसूर येथील वास्तूंचीं चित्रें १८६६ सालीं लंडनमध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. तीं पाहतांना गोलघुमटाचा विस्तार डोळ्यांत भरतो. पण मोठ्या आकाराचा लांकडी कॅमेरा आणि त्याची तिवई तेथवर पोहोंचविणाऱ्या गाडीवानाची सांवलीही चित्रांत पडलेली नाहीं.

कागदाला एक मोठा दोष होता. त्याच्या तंतूंमुळें चित्राला कांचेइतकी रेखीवता येत नसे. सन १८५१ मध्यें फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें कांचेवर कोलोडियनचा ओला लेप देऊन चित्र घेण्याची युक्ति जाहीर केली, आणि पुढें सुमारें तीस वर्षें तिचेंच राज्य चाललें. ही रीत चित्राला जितकी अनुकूल तितकीच शरीराला प्रतिकूल होती. कांचेवर लेप द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें आणि लेप वाळण्यापूर्वीं अंधारांत नेऊन तें उमटवावयाचें. दहा-पंधरा मिनिटांच्या आंत हें सारें आटोपावें लागे. दख्खनच्या उन्हांत तर लेप त्याहूनही लवकर सुके. याचा अर्थ असा कीं, छायाचित्रकार जाईल तेथें त्याची अंधारकोठडीही गेली पाहिजे. तंबू, बाटल्या, तबकें, तराजू, पाण्याचीं भांडीं आणि कांचांच्या पेट्या हें सारें बिऱ्हाड त्याच्या मागें चाले.

या बिऱ्हाडाचें वजन केवढें, याचा अंदाज कोणासही घरबसल्यां करतां येईल. बारा इंच लांब, दहा इंच रुंद आणि दोन मिलिमीटर जाड अशी एक कांच घेतली तर तिचें वजन पावणेचारशें ते चारशें ग्रॅम भरतें. अशा शंभर कांचा म्हणजे सुमारें अडतीस-एकोणचाळीस किलो. जुन्या हिशेबानें चाळीस शेरांच्या मणाहून ओझें थोडें अधिकच. आणि या झाल्या केवळ कांचा. पेटीचें लांकूड, रसायनें, तंबू आणि खुद्द कॅमेरा यांचा हिशेब निराळा.

हें ओझें किती दूरवर गेलें, त्याचें उत्तम उदाहरण म्हणजे सॅम्युएल बोर्न. सन १८६३ मध्यें हिंदुस्थानांत आलेल्या या इंग्रज छायाचित्रकारानें सिमल्याहून हिमालयांत तीन मोठ्या सफरी केल्या. पहिल्या सफरींत त्याच्याबरोबर सुमारें तीस हमाल होते. १८६४ च्या काश्मीरच्या सफरींत ही संख्या चाळिसांवर गेली. १८६६ सालीं त्यानें मणिरंग खिंडींत अठरा हजार फुटांवर जाऊन चित्रें घेतलीं. इतक्या उंचीवर घेतलेलीं चित्रें म्हणून तीं दीर्घकाळ अद्वितीय मानलीं गेलीं. बोर्नची जिद्द आणि त्याचा हात यांविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच्या सफरींच्या ज्या हकीकती त्यानें स्वतः इंग्लंडमधील छायाचित्रणाच्या नियतकालिकांत छापविल्या, त्यांत एक दुसरी बाजूही उघडी पडते. हमाल ओझीं टाकून पळून जात, वाटेंत अडून बसत, आणि मग काठीचा उपयोग केल्याचें बोर्न संकोच न बाळगतां सांगतो. त्याला हा केवळ प्रवासांतला त्रास वाटला. पहाडी खेड्यांतून बेगारीसारख्या रीतीनें धरून आणलेल्या, बर्फांतून अनवाणी किंवा गवती पायताण बांधून चालणाऱ्या माणसाला तें काय वाटलें असेल, हें लिहून ठेवणारा मात्र कोणी नव्हता. मणिरंगच्या त्या शुभ्र शिखरांखालीं बोर्नचें नांव आहे, आणि ज्यांच्या पाठीवरून कांचा न फुटतां वर गेल्या त्यांतील एकाचेंही नांव नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ओझें दुसऱ्याच्या पाठीवर असेपर्यंत तें हलकें करण्याची निकड छायाचित्रकाराला विशेष भासली नाहीं. पेट्या बळकट केल्या गेल्या, कांचा फुटूं नयेत म्हणून खांचे पाडले गेले. पण त्या पेटीचा कांठ हमालाच्या खांद्याला कोठें रुततो याचा विचार करणारा कारागीर फारसा दिसत नाहीं. पेटी सामानासाठीं होती, माणसासाठीं नव्हे. ज्या दिवशीं छायाचित्रकारानें स्वतःचें ओझें स्वतः उचललें, त्या दिवसापासून ही दृष्टि पालटूं लागली.

तो दिवस आणण्यास कारण झाला अमेरिकेंतील रॉचेस्टर गांवचा एक तरुण बँक-कारकून. त्याचें नांव जॉर्ज ईस्टमन. सन १८७७ च्या सुमारास एका प्रवासाच्या विचारानें त्यानें ओल्या कांचेच्या पद्धतीचें सर्व साहित्य विकत घेतलें, आणि तें पाहून तो थक्क झाला. एका तट्टाला पुरेल एवढें तें ओझें होतें. प्रवास राहिला, पण हें ओझें कमी कसें करावें हा ध्यास त्याला लागला. सुदैवानें १८७१ मध्यें रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानें जिलेटिनच्या कोरड्या लेपाची कल्पना मांडलेली होती. कोरडी कांच आगाऊ तयार करतां येई आणि मागाहून सवडीनें उमटवितां येई. म्हणजे अंधारकोठडी घरीं ठेवून जाण्याची सोय झाली. ईस्टमननें या कांचा कारखान्यांत बनविल्या, पुढें कांचही टाकून गुंडाळीची फिल्म आणली, आणि १८८८ सालीं कोडॅक नांवाची पेटी बाजारांत ठेवली. तिच्यांत शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे. चामड्याच्या म्यानांत घालून ती एका हातानें नेतां येई. तीस हमालांचें काम एका म्यानानें केलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होईल, पण ती फार मोठी होणार नाहीं.

दुसरी क्रांति तर एका दुर्बल देहानेंच घडविली. जर्मनीचा ऑस्कर बार्नाक हा यंत्रकार छायाचित्रणाचा शोकी होता, पण त्याला दम्याची व्यथा होती. मोठा कांचेचा कॅमेरा आणि त्याची तिवई घेऊन टेकड्या चढणें त्याला झेपेना. चित्र लहान घ्यावें आणि मागाहून मोठें करावें, हा विचार त्याच्या मनांत घोळूं लागला. वेट्झलार येथील लाइट्झ यांच्या कारखान्यांत असतांना त्यानें १९१३ च्या सुमारास सिनेमाची फिल्म वापरून खिशांत मावेल असा कॅमेरा बनविला. महायुद्धामुळें तें काम मागें पडलें, आणि १९२५ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत लायका या नांवानें तो जगापुढें आला. विसाव्या शतकांतील वृत्तछायाचित्रणाचा पुष्कळसा पाया या लहानशा यंत्रानें घातला. थकलेल्या फुफ्फुसांनीं जगाची दृष्टि बदलली, ही गोष्ट कोणाही बलदंडानें विसरूं नये.

इतकें झाल्यावर ओझें संपावयास हवें होतें. पण मनुष्याचा लोभ असा कीं, कॅमेरा लहान झाला तशी त्याच्या सोबत्यांची संख्या वाढली. एकाचीं दोन यंत्रें झालीं. दूरचें पाहणारें एक भिंग, जवळचें पाहणारें दुसरें, रुंद दृश्य घेणारें तिसरें, शिवाय दिवा, तिवई आणि विद्युत्घट. हें सारें ठेवण्यास प्रथम चामड्याच्या ताठ पेट्या निघाल्या. त्या दिसावयास भारदस्त होत्या, परंतु चालतांना त्यांचे कोपरे कमरेंत बसत, आणि हवी ती वस्तु काढण्यापूर्वीं सारी पेटी जमिनीवर मांडावी लागे. तोंपर्यंत मिरवणूक पुढें निघून जाई.

यावर उपाय शोधला तो सामान वाहणाऱ्यांनींच. सन १९७० नंतरच्या दशकांत फिलाडेल्फिया येथील एका वृत्तपत्राचे छायाचित्रकार जिम डॉम्की यांनीं स्वतःच्या गरजेपुरती सुती कॅनव्हासची एक मऊ पिशवी तयार करविली. ती अंगाला बिलगे, तिचें तोंड वर उघडे आणि चालतां चालतां भिंग बदलतां येई. सहकाऱ्यांनीं ती मागून घेतली आणि तिचा धंदाच झाला. इंग्लंडांत बिलिंगहॅम यांच्या कारखान्यांत मासे धरणाऱ्यांसाठीं पिशव्या होत असत. त्या आपल्या उपयोगाच्या आहेत हें न्यूयॉर्कच्या छायाचित्रकारांनीं हेरलें, तेव्हां कारखानदारांनाही आपलें खरें गिऱ्हाईक कळलें. गिर्यारोहक ग्रेग लोव यांनीं याच सुमारास चढणाऱ्याच्या पाठीवर नीट बसेल अशी कॅमेऱ्याची मऊ पिशवी काढली. तिघांच्याही कथेंत एक समान सूत्र आहे. पिशवी चांगली झाली ती भरणाऱ्याच्या नव्हे, वाहणाऱ्याच्या अनुभवानें. सन १८७७ पासून गिरणीचा भोंगा ऐकत वाढलेल्या आणि चादरींनीं नांव मिळविलेल्या सोलापूरसारख्या विणकरांच्या शहराला, सुताच्या मऊ पण चिवट कापडानें चामड्याच्या पेटीवर मिळविलेला हा जय ऐकून कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं.

तथापि ओझें वाहण्याचें शास्त्र शिकण्यास परदेशींच गेलें पाहिजे असें नाहीं. पंढरीच्या वाटेवर पिढ्यान् पिढ्या वारकऱ्याच्या खांद्यावर पडशी दिसत आली आहे. तिला दोन कप्पे असतात. एक छातीकडे पडतो आणि दुसरा पाठीकडे, त्यामुळें अंगाचा तोल मध्यावर राहतो. कावडीचें तत्त्वही तेंच. लमाणांचे तांडे दख्खनभर धान्य नेत, तेव्हां बैलाच्या पाठीवर गोणीच्या दोन्ही बाजू समतोल भरीत, कारण एका अंगाला झुकलेला बैल दूरचा पल्ला गांठीत नाहीं हें त्यांना ठाऊक होतें. पाण्याची घागर डोक्यावर घेणारी स्त्री आधीं चुंबळ ठेवते, म्हणजे भार एका बिंदूवर न रुततां पसरतो. तोल, जवळीक आणि भाराची विभागणी हे तिन्ही नियम आपल्या घरांतच होते. पाश्चात्त्य कारागिरांनीं त्यांत चौथ्याची भर घातली. कॅलिफोर्नियांतील डिक केल्टी यांनीं १९५२ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या चौकटीची पाठपिशवी विकावयास काढली. तिला कमरेचा पट्टा होता. त्यायोगें बराचसा भार खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडांवर, म्हणजे शरीराच्या सर्वांत भक्कम बैठकीवर येतो.

आतां गड्ड्याच्या गर्दींतील त्या वांकड्या झालेल्या तरुणाकडे वळावें. त्याची चूक सामानांत नसून निवडींत आहे. पिशवी विकत घेतांना ती रिकामी खांद्यावर टाकून आरशांत पाहण्याची रीत सर्वत्र आढळते. पण रिकामी पिशवी कोणासही शोभते! आपलें सर्व सामान दुकानांत नेऊन, तें भरून, निदान पाव तास चालून पाहावें, हीच खरी परीक्षा. पट्टा रुंद व भरीव असावा. भिंगासारख्या जड वस्तु पाठीशीं आणि हलक्या वस्तु बाहेरच्या अंगाला ठेवाव्या. कारण भार पाठीपासून दहा सेंटिमीटरांऐवजीं वीस सेंटिमीटर दूर गेला तर मागें ओढणारा जोर दुप्पट होतो. वजन तेंच राहतें, पण पाठीला तें दुप्पट भासतें.

शिवाय पिशवी जागेप्रमाणें निवडावी. यात्रेच्या दाटींत पाठपिशवी गैरसोयीची, कारण तिच्यांत हात घालण्यास ती उतरावी लागते आणि मागच्या माणसाला तिचे धक्के बसतात. तेथें एक यंत्र, दोन भिंगें आणि अंगावरून तिरपी घेतलेली लहान मऊ पिशवी पुरे. याउलट सोलापूरपासून वीसएक किलोमीटरांवर असलेल्या नान्नजच्या माळरानाची गोष्ट निराळी. माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं हा प्रदेश अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यांत आला. आज तेथें माळढोक अतिशय दुर्मिळ झाला असला तरी काळवीट आणि गवताळ रानांतील पक्षी पाहण्यास अभ्यासक जातात. दूरचें जड भिंग घेऊन उघड्या माळावर ताटकळावयाचें, सावली नाहीं, धूळ अखंड आणि उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे. अशा ठिकाणीं दोन्ही खांद्यांचा, कमरपट्ट्याचा आणि पाठीशीं हवा खेळूं देणारा पाठपिशवाच योग्य. त्याला धूळ रोखणारी झांकण असावी, रंग उन्हांत कमी तापणारा असावा, आणि पाण्याच्या बाटलीला जागा आधीं व तिसऱ्या भिंगाला नंतर असावी.

शेवटीं सर्वांत मोलाचा नियम म्हणजे घरीं काय ठेवावयाचें तें ठरविण्याचा. बिग्ज यांनीं कांचेपेक्षां हलका कागद पत्करला, ईस्टमननें तंबू टाकला, बार्नाकनें कांच टाकली. छायाचित्रणाच्या वाटेवर पुढें गेलेल्या या प्रत्येकानें मागें कांहीं तरी ठेविलें आहे. आज पिशवी ज्याची त्याच्याच खांद्यावर असते, ही केवढी न्यायाची गोष्ट! ती खांद्यावर चढवितांना बोर्नच्या त्या निनांवी हमालांचें क्षणभर स्मरण झालें, तर आपल्या पाठीची काळजी घेणें ही चैन वाटणार नाहीं, आणि लग्नसमारंभांत किंवा यात्रेंत आपल्या तिवईचें ओझें ज्याच्या हातीं आपण सहज देतों त्या मदतनिसाच्या खांद्याकडेही एकदां नजर जाईल. नंदीध्वज पेलणारा मानकरी ताठ चालतो तो केवळ बळावर नव्हे. ओझें कोठें धरावें आणि तोल कोठें राखावा हें त्याला वडिलांनीं शिकविलेलें असतें. कॅमेऱ्याच्या मानकऱ्यालाही तेवढेंच शिकावयाचें आहे.